पेर्फेक्ता मावशीची वाट

पुंता लोरो, ११ फेब्रुवारी १९९१

सोराइदा,

तुझं नाताळचं पत्र परवा हातात पडलं. होडीवाल्याने ते इतके दिवस पेट्रोलच्या डब्याशेजारी ठेवलं होतं, अजून वास येतो. तेव्हा उत्तराला उशीर झाला म्हणून मला बोलू नकोस, त्याला बोल.

तू विचारलंयस, खाजण कसं आहे. खाजण उरलंय कुठे? गेल्या साली कंपनीने कोळंबीचे तलाव खणले ते पलीकडच्या अंगाला होते, म्हणून आपण सगळे गप्प बसलो. आता त्यांनी आपल्या खाडीच्या तोंडावरच बांध घातलाय. तू आणि मी शाळा बुडवून होडी ढकलायचो ना, तिथेच. मातीची भिंत, वर काटेरी तार, आणि तारेमागे बंदुका घेतलेले रखवालदार. पलीकडे थोडं कांदळवन शिल्लक आहे, पण तिथे जायचं तर समुद्राच्या बाजूने वळसा. अर्धी ओहोटी वल्हवण्यातच जाते. चिखलात हात घालावा तोवर पाणी चढायला लागतं. काल मी आणि शेजारच्या नेरेइदाने मिळून जेवढ्या शिंपल्या आणल्या, तेवढ्या पूर्वी मी एकटी गप्पा मारत मारत काढायचे. त्यातही विषारी मासा नेरेइदाच्या बोटाला डसला आणि त्याचा राग तिने माझ्यावर काढला. म्हणे, ही जागा तूच दाखवलीस.

पण खरं सांगायचंय ते पुढेच आहे. पेर्फेक्ता मावशी वळसा घालायला तयारच होईना. "माझ्या आईची वाट ही. मी काय चोर आहे, मागच्या दाराने जायला?" असं म्हणाली आणि टोपली घेऊन, तोंडात चिरूट धरून, सरळ बांधावर चढली. तारेखालून सरपटत गेली. रखवालदारांनी शिट्टी मारली. ती थांबली नाही. मग त्यांनी कुत्रा सोडला. त्याने पोटरी धरली. मावशीने टोपलीने हाणलं त्याला, पण सुटेपर्यंत मांसाचा लचका गेला होता. घरी आणेपर्यंत सगळी वाट शिव्या देत होती, डोळ्यांत टिपूस नाही. आता पाला वाटून बांधलाय. दवाखान्याचं नाव काढलं की काठी उगारते.

तू शहरात आहेस. कुणाला तरी विचार, खाडीचं तोंड असं कुणी बंद करू शकतं का? इथे विचारावं तर पाद्रीबाबा म्हणतात प्रार्थना करा, आणि तलाठी कंपनीच्याच लाँचमधून फिरतो.

तुझा दादा विल्फ्रिदो नदीच्या वरच्या अंगाला लाकूडतोडीच्या कामावर गेलाय. त्याला पत्र लिहू नकोस, तिथे पोचत नाही.

तुझी
बेत्साबे


ग्वायाकिल, ३ मार्च

बेत्साबे,

तुझं पत्र मी कारखान्याच्या संडासात उभी राहून वाचलं, कारण मुकादमीण टेबलावर वाचू देत नाही. वाचून झाल्यावर दाराला लाथ मारली. आता दार लागत नाही आणि त्याबद्दलही मीच बोलणी खाते.

मावशीवर कुत्रा! आई गेल्यावर जिने मला आणि दादाला आपल्या ताटात जेवू घातलं, तिच्यावर! दादा गावात असता तर त्या रखवालदाराचे दात हातात आले असते. तू त्याला निरोप धाड. पत्र जात नसेल तर माणूस जात असेल. लाकडं काय, पुढच्या महिन्यातही तोडता येतील. एवढा दांडगा भाऊ, आणि नेमका हवा तेव्हा जंगलात!

मी कामाला दांडी मारून कचेरीत गेले. पहिल्या खिडकीवरचा म्हणाला, बाई, ती जमीन नाही, ते पाणी आहे, पाण्याचं खातं बंदरावर. बंदरावरचा म्हणाला, कांदळवन म्हणजे झाडं, झाडांचं खातं इकडे नाही. झाडांच्या खात्यात साहेब जेवायला गेले होते. मी बाकावर बसून राहिले. साहेब जेवून आलेच नाहीत. शिपाई झाडू मारायला लागला आणि मी पाय उचलून घेण्याची वाट बघत उभा राहिला. दुसऱ्या दिवशी मुकादमिणीने मला बर्फाच्या टोकाला उभं केलं, शिक्षा म्हणून.

बर्फ माहीत आहे ना तुला? सकाळपासून संध्याकाळपर्यंत बर्फातली कोळंबी उचलायची, डोकं मोडायचं, बाजूला टाकायचं. वरून क्लोरीनचं पाणी. हातमोजे मागितले तर म्हणतात, मोज्यांनी काम हळू होतं. समोरच्या टेबलावर माग्नोलिया म्हणून एक बाई आहे, तोंडाची तोफ. तिने माझी बोटं बघितली आणि म्हणाली, "ही बोटं आहेत की उकडलेली केळी?" पण जाताना आपल्याकडचा मलम माझ्या खिशात कोंबला. तोच मलम सोबत पाठवतेय. मावशीला लाव. काठी उगारली तर तिला सांग, सोराइदा म्हणाली आहे.

दादाला निरोप पाठव. विसरू नकोस.

सोराइदा


पुंता लोरो, २४ मार्च

सोराइदा,

मलम मिळाला. मावशीने हुंगला आणि म्हणाली, "याला शहराचा वास येतो." मग लावून घेतला. जखम वरून भरतेय असं वाटतं आणि आतून पुन्हा पाझरते. तिच्या रक्तात साखर आहे असं मागे नर्सबाई म्हणाली होती. मावशी म्हणते, जन्मात मला गोड खायला मिळालं नाही, साखर येईल कुठून?

आम्ही बायकांनी बैठक घेतली. न घेतली असती तर बरं. निम्म्या जणींचं म्हणणं, आधी कंपनीशी गोड बोलू. उरलेल्यांचं म्हणणं, गोड बोलायला आपण त्यांच्या सासुरवाशिणी आहोत का? नेरेइदा उठून म्हणाली, "ज्यांच्या घरचे लोक कंपनीत आहेत त्यांनी बोलूच नये." सगळ्या माना खाली घालून बसल्या. मग पाऊस आला आणि बैठक उठली.

एक अधिकारी येऊन गेला. आम्ही नारळाच्या रसात मासळी केली, हिरवी केळी तळली. तो पोटभर जेवला, बांधाकडे बघून "हं" म्हणाला आणि गेला. त्या "हं"चा अर्थ काय यावर गावात अजून वाद चाललाय.

विल्फ्रिदोला निरोप दिलाय. तो येईल तेव्हा येईल. तू त्याच्या नावाने सारखी बसू नकोस. तुझ्या हातांचं बघ.

बेत्साबे


ग्वायाकिल, १९ एप्रिल

बेत्साबे,

आज मी तुला वहिनी म्हणणार आहे. लग्न झालं त्या दिवशी तू म्हणाली होतीस, मला वहिनी म्हणशील तर कान उपटीन. उपट. वहिनी, तू मला खोटं का सांगितलंस?

काल तिकडून माल घेऊन ट्रक आला. ड्रायव्हर आमच्याकडे पाणी प्यायला आला. मी म्हटलं, मी पुंता लोरोची. तो म्हणाला, "अरे वा! मग विल्फ्रिदो तुझ्या ओळखीचा असेल. बांधावरचा रखवालदार. फार जोरात शिट्टी मारतो." मी म्हटलं, तो नव्हे, दुसरा कुणी असेल. तर त्याने आपल्या हनुवटीवर बोट ठेवून विल्फ्रिदोचा व्रण कुठे आहे ते दाखवलं, अगदी जागेवर. तो व्रण माझ्यामुळेच झालाय त्याला.

लाकूडतोड म्हणे! नदीच्या वरच्या अंगाला म्हणे! आणि मी इकडे माग्नोलियाला सांगत होते, माझा भाऊ येऊन एकेकाची हाडं मोडील. ती सगळं ऐकत होती. ट्रक गेल्यावर माझ्या वाटणीची कोळंबी उचलून आपल्या टेबलावर नेली. ते मला जास्त लागलं.

मावशीचा पाय सडतोय आणि तुझ्या चुलीवर रखवालदाराच्या पगाराचा भात शिजतोय. तूच पाठवलंस ना त्याला तिथे? दादाच्या डोक्यात आपणहून असलं काही यायचं नाही. तो साधा आहे. शिंपल्या कमी झाल्या, म्हणून तू त्याच्या मागे लागली असशील. आणि वर मला लिहितेस, निरोप दिलाय! कुणाला दिलास निरोप? एकाच अंथरुणावर झोपणाऱ्या माणसाला?

कुत्रा सोडला तेव्हा तो कुठे होता, एवढंच लिही. बाकी काही लिहू नकोस.

सोराइदा


पुंता लोरो, ६ मे

नणंदबाई,

एवढंच लिहू म्हणतेस? तुझ्या हुकमाने मी लिहीत नाही. सगळं लिहिणार आहे, आणि तू सगळं वाचायचं.

तो बांधावरच होता. कुत्रा त्याचा नव्हता, दुसऱ्या रखवालदाराचा होता. पण त्या कुत्र्याला विल्फ्रिदो रोज भात घालायचा, हाक मारली असती तर आला असता. त्याने हाक मारली नाही. तलावाकडे तोंड करून उभा राहिला, जणू पाण्यात काहीतरी बघण्यासारखं होतं. मावशीने त्याला ओळखलं. त्यानेही तिला ओळखलं होतं.

हे मला मावशीने सांगितलं. पाय बांधून घेताना तिने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "सोराइदाला कळवू नकोस. तिला एकच भाऊ आहे." म्हणून मी लाकूडतोड लिहिली. मला काय हौस होती? तुझ्या प्रत्येक पत्रात दादा असा आणि दादा तसा वाचून माझ्या हातापायांची आग होत होती.

मी त्याला पाठवलं? त्याने नोकरी धरली ती मला कळली तेव्हा त्याच्या अंगावर कंपनीचा शर्ट होता. मी म्हटलं, हा शर्ट घालून माझ्या दारात येऊ नकोस. तो म्हणाला, पोरांना काय खायला घालू? कुत्र्याच्या दिवसानंतर मी उत्तर दिलं. त्याचं गाठोडं मी बांधावर नेऊन ठेवलं. तेव्हापासून तो तिकडेच राहतो. त्याच्या पगाराचा दाणा माझ्या चुलीवर शिजलेला नाही. आम्ही उकडलेली केळी खातो आणि रविवारी त्यावर मीठ.

नेरेइदा भर बैठकीत बोलली ती मलाच. मी मान खाली घालून बसले, आणि तुला लिहिताना 'सगळ्या' असं लिहिलं.

आता तुझं. तू दिवसभर कशाची डोकी मोडतेस, सोराइदा? ती कोळंबी कुठून येते? तुझ्या त्या ड्रायव्हरने माल कुठून आणला होता? मी एकदा तरी बोलले का? पोट तुलाही आहे, मला कळतं. पण मला रखवालदाराचा भात खाणारी म्हणताना तुझे हात कशाने भिजले होते, तेवढं बघायचं होतंस.

मावशीच्या पायाचा अंगठा काळा पडलाय. ती तो चादरीखाली लपवते.

बेत्साबे कोरोसो


पुंता लोरो, २२ मे

सोराइदा,

हे पत्र नेरेइदाच्या हातून येतंय, मावशीबरोबरच; बसथांब्यावर उतरल्या की ती कुणाच्या तरी हाती ते तुझ्याकडे धाडील. भांडण नंतर करू. मावशीला ताप चढलाय आणि काळं घोट्यापर्यंत आलंय. नर्सबाई म्हणाली, ग्वायाकिलला मोठ्या इस्पितळातच न्या, इथे कुणाच्या हातात काही नाही. तू बसथांब्यावर ये.

निघालो कसे ते सांगते, कारण तुझ्या कानावर वेगळंच येईल.

सकाळी मावशीला होडीत घातलं. समुद्राच्या बाजूने जावं तर लाटा घराएवढ्या, दोन वेळा होडी परत किनाऱ्यावर फेकली गेली. राहिली खाडीची वाट. नदीवर पोचलं की पुढे धक्का, धक्क्यावर बस. मध्ये फक्त तो बांध. आम्ही बांधाखाली गेलो आणि हाका मारल्या. वर विल्फ्रिदो आणि दुसरा एक. मी म्हटलं, मावशी मरतेय, होडी बांधावरून उचलून पलीकडे नेऊ दे, तार सोड.

तुझा भाऊ काय म्हणाला असेल? म्हणाला, "इंजिनियरसाहेबांना विचारावं लागेल. ते गावाला गेलेत. संध्याकाळी येतील."

मावशी होडीतूनच ओरडली, "विचार हं बाळा. मी तोवर मरायची थांबते."

मी परत घरी गेले आणि फावडं आणलं. बांधाच्या पायथ्याशी, जिथे माती नवी होती तिथे खणायला लागले. तार वर होती, माती खाली. थोड्या वेळाने शेजारी खसाखसा आवाज आला, बघते तर नेरेइदा. माझ्याकडे न बघता खणत होती. मग एकेक करून सगळ्या आल्या. फावडी, सुरे, नारळाच्या करवंट्या, ज्यांच्याकडे काही नव्हतं त्या हातांनी. आपल्या हातांना चिखल नवा नाही. दुसऱ्या रखवालदाराने हवेत गोळी झाडली. आम्ही सगळ्या खाली बसलो आणि बसूनच खणत राहिलो.

विल्फ्रिदो? उभा होता, खांबासारखा. ना अडवायला आला, ना हात लावायला. मला इतका संताप आला की मी मातीचं ढेकूळ फेकून मारलं त्याला. छातीवर लागलं. तरी तसाच उभा.

मग पाण्यानेच बाकीचं केलं. आधी बारीक धार आली, मग दंडाएवढी, मग एकदम बांध फुटला. शेजारच्या तलावाचा काठही त्यात ढासळला आणि कोळंबी चहूकडे उसळायला लागली, पोरं सदरे भरभरून पळाली. आम्ही होडी धरून त्या लोंढ्यातून नदीवर काढली. मावशीने एकदाही डोळे मिटले नाहीत.

आता पोलीस येतील असं सगळे म्हणतात. आले तर येवोत. तू बसथांब्यावर ये.

बेत्साबे


ग्वायाकिल, १६ जून

बेत्साबे,

मावशी जगली. पाय गेला, गुडघ्याच्या खालून. शुद्धीवर आल्यावर तिने चादर उचलून बघितलं आणि म्हणाली, "आता एकाच पायाची नखं कापायची." मग भिंतीकडे तोंड केलं आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही. ते दोन दिवस मी कसे काढले, ते तुलाच कळेल.

नेरेइदा गावी जाऊन मावशीला बघायला पुन्हा आली, तेव्हा तिने सांगितलं की तुला आणि तिघींना चौकीवर नेलंय. मी तिला म्हटलं, तू परत जा, पोरांना बघ. ती म्हणाली, "बघतेच आहे, माझ्या सासूकडे ठेवलीत. बेत्साबे आणि माझं पटत नाही, पण तिची पोरं चांगली आहेत." अशी आहे ती.

आता ऐक. तुमचा बांध फुटला आणि आमच्याकडे माल यायचा बंद झाला. टेबलं कोरडी. मुकादमीण म्हणाली, काम नाही, घरी जा, माल येईल तेव्हा बोलावू. कुणी तरी बोललंच की सोराइदाच्या गावच्या बायकांनी केलं. सगळ्या माझ्यावर धावून आल्या. माग्नोलिया सगळ्यात पुढे. "तुझ्या वहिनीला फावडं चालवायचं होतं तर तिच्या घरात चालवायचं! माझ्या पोरीची वही कोण आणणार?" तिचंही खरं होतं. मी म्हटलं, म्हातारीला इस्पितळात आणायला दुसरी वाट नव्हती. आणि तिथून निघाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती डबा घेऊन वॉर्डाच्या दारात उभी. मासळीचं सूप होतं. म्हणाली, "ती म्हातारी कुठली? काम नाहीच तर बसते तिच्यापाशी. तू जा, झोप, तुझं तोंड बघवत नाही." आणि बसली. दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडलेली मावशी पहिल्यांदा बोलली ती माग्नोलियाशी. म्हणाली, "तुझ्या सुपात मीठ नाही." तेव्हापासून दोघी पत्ते खेळतात आणि दोघीही फसवतात. आता कारखान्यातल्या बाकीच्याही पाळीपाळीने येतात. येतात आणि मला दोन शब्द सुनावतात, मग मावशीचे केस विंचरतात. मी दोन्ही ऐकून घेते, दोन्ही बघते.

मी तुला जे लिहिलं ते विसर असं म्हणणार नाही, कारण तू विसरणार नाहीस. त्या भाताबद्दल मी जे बोलले ते चुकीचं होतं, बेत्साबे. कोळंबीबद्दल तू जे बोललीस ते बरोबर होतं, आणि तरी माल परत आला की मी टेबलापाशी उभी राहणार आहे. दुसरं काय करू? कुणावर चिडू तेच कळत नाही. रोज सकाळी उठते ती चिडलेलीच.

दादाला मी काहीही लिहिणार नाही. तू कशी आहेस ते कळव.

सोराइदा


पुंता लोरो, ९ जुलै

सोराइदा,

मी घरी आहे. चौकीत आम्ही चौघी एका खोलीत होतो आणि खोलीला खिडकी नव्हती. पण रोज गावातून कुणी ना कुणी होडी वल्हवत यायची, केळी, तळलेली मासळी, एकदा तर नारळाची बर्फी. पोलीस म्हणाला, एवढं तर आम्हालाही मिळत नाही. मग त्यालाही द्यावं लागलं. पोरांना नेरेइदाने सांगितलं होतं की आई नाचायला गेलीय. धाकटा मला विचारतो, एवढे दिवस नाचत होतीस?

निवाडा करणाऱ्या कमिसारसाहेबांसमोर उभं केलं. कंपनीचा वकील म्हणाला, या बायकांनी बंदुका घेऊन हल्ला केला, रखवालदारांना जिवाची भीती होती. आणि साक्षीला कोण? विल्फ्रिदो. इस्त्रीचा शर्ट घालून आणला होता त्याला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. मनात म्हटलं, आता हाही खांबासारखा उभा राहील आणि मान हलवील.

साहेबांनी विचारलं, "बायकांकडे बंदुका होत्या?"

तो म्हणाला, "बंदूक माझ्याकडे होती साहेब. त्यांच्याकडे फावडी होती. त्यातलं एक माझंच."

लोक हसले. वकील म्हणाला, नीट आठवून सांग. विल्फ्रिदो म्हणाला, "नीटच आठवतंय. ती म्हातारी मला वाढवणारी आहे. मी तिला संध्याकाळपर्यंत थांब म्हणालो होतो." आणि रडायला लागला, सगळ्यांसमोर, एवढा मोठा बाप्या. मला त्याची दया आली का? आली. आणि दया आली म्हणून पुन्हा राग आला.

आम्हाला समज देऊन सोडलं. त्याला कंपनीने त्याच दिवशी काढलं. आणि ऐक, आम्ही चौकीत असतानाच यंत्र आणून बांध पुन्हा घातलाय, आधीपेक्षा उंच. मग काय मिळालं आम्हाला? नेरेइदा म्हणते, मावशी मिळाली. ते खरं, पण उद्या दुसऱ्या कुणाला ताप चढला तर? आम्ही पुन्हा समुद्राच्या बाजूने वळसा घालतो, पुन्हा अर्ध्या टोपल्या आणतो. त्या अधिकाऱ्याचं "हं" अजून तसंच आहे.

विल्फ्रिदो किनाऱ्यावर मित्राच्या पडवीत झोपतो. मासे पकडून दारात ठेवून जातो. मी पोरांना देते, मी खात नाही.

मावशीला सांग, तिच्या कोंबड्या ठीक आहेत.

बेत्साबे


ग्वायाकिल, २८ जुलै

बेत्साबे,

मावशीला सोडताहेत. कुबड्या इस्पितळाने दिल्या. त्या तिला उंच होतात, म्हणून माग्नोलियाच्या दिराने करवतीने कापून दिल्या. एक जरा जास्त कापली गेली. मावशी म्हणते, बरं झालं, खाजणात जमीन कुठे सपाट असते?

हो, खाजणातच जाणार म्हणते. मी डोकं आपटलं. ती म्हणाली, शिंपल्या हातांनी काढतात, पायांनी नाही.

मी तिला घेऊन येतेय, आठ ऑगस्टला, गुरुवारी दुपारी धक्क्यावर असू. मुकादमिणीने रजा दिली नाही. मी तरीही येतेय. परत आल्यावर जागा असेल की नाही देव जाणे. माग्नोलिया म्हणते, मी माझी आणि तुझी, दोन्ही टोकं सांभाळीन, पण हात दोनच आहेत हे तिला कुणी सांगायचं?

आता मुख्य गोष्ट. मी मावशीला सांगितलं की बांध पुन्हा घातलाय, तेव्हा धक्क्यावरून मचव्याने, समुद्राच्या बाजूने वळसा घालून घरी नेऊ. समुद्र आता शांत आहे, म्हटलं काही अडचण नाही. तिने चिरूट तोंडातून काढला आणि म्हणाली, "मी गेले त्या वाटेने परत येणार."

मी म्हटलं, मावशी, तिथे भिंत आहे.

"मग?" म्हणाली.

मी तिच्याशी तीन दिवस भांडले. आता माझं भांडण संपलंय. तिच्या बाजूने आहे मी. तुझं काय?

सोराइदा


पुंता लोरो, ४ ऑगस्ट

सोराइदा,

गुरुवारी भरती दुपारी जेवणानंतर लागते, पाणी बांधाच्या अर्ध्यावर येईल. होडी घेऊन मी नदीच्या बाजूला थांबेन. बाकीच्या फावडी घेऊन खाडीच्या बाजूला.

बैठक घेतली. कुणी भांडलं नाही, त्यामुळे मलाच चुकल्यासारखं वाटलं. एकीने विचारलं, पुन्हा चौकीत घातलं तर? नेरेइदा म्हणाली, "तर या वेळी मी जाते नाचायला. बेत्साबे, माझी पोरं तुझ्याकडे." वरच्या गावच्या बायकाही येतो म्हणाल्यात. त्यांच्याही खाडीवर खुणेचे खांब ठोकून गेलेत म्हणे.

विल्फ्रिदो दारात आला होता. विचारत होता, मी येऊ का. मी म्हटलं, वर उभं राहायला येणार असशील तर नको. तो म्हणाला, खाली. त्याला घरात घेईन की नाही ते मला विचारू नकोस, मलाच माहीत नाही. पण फावडं त्याचंच आहे. मी दारातूनच त्याच्या हातात दिलं.

मावशीला म्हणावं, ओरडायला घसा जपून ठेव.

बेत्साबे